बारावा देवदूत

डेलावेअर नदीकाठच्या होलोवेल गावातल्या चर्चचं काम आलं, तेव्हा सुलेखा बेहेरे या धंद्यात पाच वर्षं मुरली होती. धंदा जुनी भित्तिचित्रं साफ करण्याचा आणि जपण्याचा. मुंबईत चित्रकलेची पदवी घेतलेली सुलेखा १९९० साली लग्न होऊन अमेरिकेत आली आणि पुढची सात-आठ वर्षं वेस्ट विंडसरच्या घरात अडकून पडली. नवरा शैलेंद्र औषधांच्या कंपनीत संशोधक होता; तिला मात्र तिच्या व्हिसावर नोकरी करायची सोय नव्हती. ग्रीन कार्ड हातात पडलं त्याच आठवड्यात तिने फिलाडेल्फियातल्या चित्रजतनाच्या कोर्सचा फॉर्म भरला. पस्तिशीत पाठीला सॅक लावून ट्रेनने जा-ये केली, विशीतल्या पोरांबरोबर रसायनांची नावं पाठ केली, आणि २००१ च्या उन्हाळ्यात ग्लेन हॅरिगनच्या तीन माणसांच्या कंपनीत चिकटली.

ग्लेन साठीचा, मोजकं बोलणारा माणूस. त्याचा नियम एकच होता. "आपण चित्रकार नाही. जे गेलं ते गेलं. आपल्या मनाचा एक केससुद्धा भिंतीवर काढायचा नाही." सुलेखाला हा नियम इतका पटला होता की कंपनीत कोणी नवीन आलं की तीच तो ऐकवायची, तोही जरा तोऱ्यात.

होलोवेलचं चर्च १८८१-८२ च्या हिवाळ्यात रंगवलेलं होतं. वेदीच्या तिन्ही भिंतींवर, डोक्याच्या वर, बारा देवदूत होते. प्रत्येक जण माणसाएवढा उंच, मागे सोन्याच्या वर्खाची प्रभावळ, खाली ठशांनी उठवलेली लिलीची नक्षी. पण १९११ मध्ये आलेल्या नव्या पाद्र्याला हा सगळा भपका वाटला, आणि त्याने भिंतींवर पांढऱ्या तैलरंगाचे दोन हात मारून घेतले. तेव्हापासून ते देवदूत कोणी पाहिलेच नव्हते. एक फोटोही नव्हता. आता गावातल्या लोकांनी वर्षानुवर्षं केक विकून, देणग्या मागून ते पुन्हा उजेडात आणायचं ठरवलं होतं.

रंगवणाऱ्याचं नाव होतं एडविन थॉर्नलो. चर्चच्या कपाटात त्याची रोजनिशी सापडली होती. काळ्या कापडी बांधणीची, कडा उंदरांनी कुरतडलेली. अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. ग्लेनने तिच्या झेरॉक्स काढून सुलेखाच्या हाती दिल्या आणि सांगितलं, "वाचून काढ. माणसाने काय वापरलंय ते त्याच्याच तोंडून कळलेलं बरं."

सुलेखा त्या पानांच्या प्रेमातच पडली. थॉर्नलो इंग्लंडातला, लिचफिल्डजवळचा. बाराव्या वर्षी चर्च रंगवणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीला लागला. तीन वर्षं नुसते रंग घोटले, मग ठसे कापायला शिकला, मग वर्ख लावायला. वर्ख लावताना श्वास रोखून धरावा लागतो, नाहीतर तो उडून जातो. तिशीला टेकला तेव्हा कुठे त्याला चेहरे काढू दिले. १८६८ साली बायकोला घेऊन तो अमेरिकेत आला. इथे भराभर चर्चं उभी राहत होती आणि प्रत्येकाला विलायतेसारख्या भिंती हव्या होत्या. उन्हाळाभर गावोगाव परांचीवर, आणि हिवाळ्यात भिंती ओल्या म्हणून काम ठप्प. मग घोडागाड्यांच्या दारांवर फुलं काढत बसायचं. ते त्याला मनापासून नकोसं व्हायचं. 'आज पुन्हा गुलाब,' एवढंच लिहिलेलं असे. हवा कशी होती ते मात्र रोजच्या रोज. होलोवेलचं काम आलं तेव्हा तो हरखला. चर्चवाल्यांना ख्रिसमसपर्यंत काम हवं होतं, म्हणून आत शेगड्या पेटवून भर थंडीत त्याने रंग दिला. त्याची नऊ वर्षांची मुलगी क्लारा कधीकधी काम बघायला यायची. 'क्लारा म्हणते, पाचव्या देवदूताला सर्दी झाली आहे,' असं एके दिवशी त्याने लिहिलं होतं. 'बघितलं, तर खरंच नाक लाल झालं होतं. दुरुस्त केलं.'

ऑगस्टपर्यंत सुलेखाने रोजनिशी १८८१ च्या ख्रिसमसपर्यंत उतरवून काढली होती. पुढची तीसेक पानं झेरॉक्समध्येच राहिली होती. ती पानं घडी घालून तिच्या सॅकमध्ये होती.

काम सुरेख चाललं होतं. पांढऱ्या रंगावर जेल लावायचं, तो फुगून मऊ झाला की हळूच सोलून काढायचा, आणि मग खालचा मूळ रंग ओल्या कापसाने टिपून स्वच्छ करायचा. मूळ रंगही तेलातलाच होता, पण सव्वाशे वर्षांत दगडासारखा घट्ट झालेला; त्याला पाण्याने काही होत नव्हतं. ग्लेनचा दंडक असा होता की प्रत्येक आकृतीच्या कोपऱ्यात नखाएवढ्या जागेवर आधी ओल्या कापसाची चाचणी घ्यायची. सुलेखाने अकरा देवदूतांना अकरा चाचण्या घेतल्या. अकराही वेळा निकाल एकच.

बाराव्याची तिने घेतली नाही.

त्यामागे काही मोठं कारण नव्हतं. घरी कोणी आजारी नव्हतं की कोणाचा फोन आला नव्हता. गुरुवारची सकाळ होती, हात चांगला चालत होता, आणि तिला वाटलं, अकरा झाले, बारावा काय आकाशातून पडलाय? पुढे कित्येक महिने ती स्वतःसाठी एखादं बरं कारण शोधत राहिली, पण तिला ते सापडलं नाही.

उत्तरेच्या भिंतीवरचा तो शेवटचा देवदूत. पांढरा रंग सोलून निघाला आणि खालून चेहरा वर आला. तो बाकीच्या अकरांसारखा नव्हताच. त्यांचे केस लांब, सोनेरी, लाटालाटांचे. याचे केस पार बारीक कापलेले, कान उघडे पडलेले. तोंड किंचित उघडं, जसं काही सांगायला सुरुवात केली आणि कोणी मध्येच बोललं. सुलेखाला क्षणभर नवल वाटलं. तेवढ्यात तिने सवयीने नवा कापूस काठीला गुंडाळला, पाण्यात बुडवला, आणि गालावरून फिरवला.

कापूस गुलाबी झाला.

तिला वाटलं, जेलचा अंश राहिला असेल. तिने पुन्हा पुसलं. या वेळी कापसावर तपकिरी आलं, आणि भिंतीवरचा डोळा ओघळून खाली आला. तिने हात मागे घेतला. पाणी आधीच मुरलं होतं; सगळा चेहरा तिच्यासमोर चिखलासारखा सैल झाला आणि हनुवटीवरून दोन थेंब लिलीच्या नक्षीवर पडले. सुकल्यावर उरली एका कानाची कड आणि एक राखी डाग.

ग्लेन खाली, दुसऱ्या टोकाला, नक्षीचे फोटो काढत होता. "वर सगळं ठीक?" त्याने विचारलं.

"ठीक," सुलेखा म्हणाली. हे पहिलं खोटं. ते तिच्या तोंडून इतकं सहज निघून गेलं की तिचं तिलाच ऐकू आलं नाही. तिने चेहऱ्यावर स्वच्छ कागद लावला आणि उरलेला दिवस देवदूताच्या पंखांवर काढला.

दुसऱ्या दिवशी ग्लेनला ट्रेंटनला दुसऱ्या कामावर जायचं होतं. सकाळी नऊ ते दुपारी चार सुलेखा चर्चमध्ये एकटी होती. या सात तासांत तिने तो चेहरा काढला.

सुरुवात करताना तिच्या मनात एवढंच होतं की पाहिलेलं आठवून परत उभं करावं. पण कुंचला टेकवला आणि लक्षात आलं, की आठवतंय ते फार थोडं. बारीक केस आठवत होते, पण ते काढायची हिंमत होईना. लोक विचारतील, हा असा का? म्हणून तिने अकराव्याचे सोनेरी केस उचलून इथे लावले. उरलेलं हाताने आपोआप केलं. आणि हात फार सफाईदार होता. मुंबईच्या कॉलेजात पोर्ट्रेटला पहिला नंबर होता तिचा. वरून धुळीचा आणि काजळीचा हात फिरवल्यावर चेहरा सव्वाशे वर्षांचा दिसायला लागला. तिने रंग मात्र जतन-दुरुस्तीचेच वापरले, कधीही काढता येणारे. जणू त्याने गुन्हा हलका होणार होता.

सोमवारी ग्लेन परांचीवर चढला. बराच वेळ बघत राहिला. "अप्रतिम," तो म्हणाला. पाच वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून तिने ऐकला नव्हता. "बाकीचे अकरा साच्यातले वाटतात. हा कोणीतरी खरा आहे."

त्या आठवड्यात तिने उरलेली पानं वाचली. जानेवारीत क्लाराला ताप आला, अंगावर लाल पुरळ उठलं. 'डॉक्टरांनी केस कापायला सांगितले. मी कापले.' मग अकरा दिवस हवासुद्धा लिहिलेली नव्हती. मग फेब्रुवारीत एकच ओळ, 'काल पुरली.' आणि मार्चमध्ये, 'शेवटचा राहिलेला पूर्ण केला. थंडीत तेल वाळेना, वाट बघवेना. सरसात कालवून केला. टिकणार नाही, पाण्यापासून जपायला हवा.'

पाण्यापासून जपायला हवा. त्याने लिहून ठेवलं होतं. तिच्या सॅकमध्ये होतं ते, परांचीच्या पायथ्याशी, जेव्हा ती वर कापूस भिजवत होती. सुलेखाने ती पानं मिटली आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. शिट्ट्या किती झाल्या ते तिला कळलं नाही, भात करपला.

ऑक्टोबरमध्ये चर्चमध्ये छोटा समारंभ झाला. गावच्या पेपरात बातमी आली होती, आणि ती वाचून चौऱ्याऐंशी वर्षांच्या रूथ पेनॉकबाई आल्या. त्या थॉर्नलोची नात. क्लारा गेल्यावर दोन वर्षांनी थॉर्नलोला मुलगा झाला, त्याच्या या मुली. त्यांनी नर्सिंग होममधून व्हीलचेअरवर आपली थोरली बहीण ईडिथ हिलाही आणलं होतं.

"आमचे वडील सांगायचे," रूथबाई सुलेखाचा हात धरून म्हणाल्या, "उत्तरेकडचा शेवटचा देवदूत म्हणजे आमची आत्या. त्यांनीही तिला फक्त इथेच, भिंतीवरच बघितलेलं. मग तीही पुसली गेली."

ईडिथला धड बोलता येत नव्हतं. तिने मान वर करून बाराव्या देवदूताकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "क्लारा," ती म्हणाली. "क्लारा, क्लारा." रूथबाईंनी वाकून तिचे डोळे पुसले. सगळे लोक हेलावले. ग्लेनसारखा ग्लेन खिशातून रुमाल काढायला लागला. सुलेखाला वाटलं, या फरशीने आपल्याला पोटात घ्यावं.

शैलेंद्र आणि पंधरा वर्षांची आन्याही आले होते. आन्या वर बघत उभी होती. मग ती आईजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॉम. दॅट्स मी."

"काय?"

"माझा थर्ड ग्रेडचा फोटो. तो फ्रिजवर होता ना? सेम चिन, सेम आयब्रोज. मॉम, व्हाय इज दॅट मी?"

सुलेखाने वर पाहिलं. दोन महिने ती तो चेहरा रोज बघत होती आणि तिला दिसलं नव्हतं. हनुवटीवरची खळी. डावी भुवई जरा चढलेली. हाताने जो चेहरा त्याला पाठ होता तोच काढला होता.

"तुझा भास आहे," ती म्हणाली.

आन्या लहान नव्हती, आणि आईचं काम काय असतं, त्यात काय करायचं नसतं, हे तिने जेवणाच्या टेबलावर शंभरदा ऐकलं होतं. घरी परतताना ती गाडीत मागे कानात इअरफोन घालून बसली होती. वेस्ट विंडसरची एक्झिट आली तेव्हा इअरफोन काढून म्हणाली, "आर यू गोइंग टू टेल देम?"

"कोणाला काय सांगायचंय?" शैलेंद्रने ड्राइव्ह करता करता विचारलं.

सुलेखाने सांगितलं, तिथेच, गाडीत. सांगून झाल्यावर शैलेंद्रने आरशातून मागे आन्याकडे एक नजर टाकली. मग म्हणाला, "हे बघ, मूळ चेहरा कोणी पाहिलेलाच नाही. त्या म्हातारीला समाधान मिळालं. कोणाचं काय बिघडलं? इतक्या वर्षांनी मिळालेलं करिअर घालवणार आहेस का?"

हेच सगळं ती दोन महिने स्वतःला सांगत होती. नवऱ्याच्या तोंडून ऐकताना ते किती हलकट वाटतंय ते तिला पहिल्यांदा कळलं. तरीही ती म्हणाली, "बघू." आणि आन्याला म्हणाली, "सांगेन. जरा वेळ दे."

तिने सांगितलं नाही. थँक्सगिव्हिंग गेलं, ख्रिसमस गेला. मराठी मंडळाच्या अंकात तिचा फोटो छापून आला, खाली ओळ, 'आपल्या सुलेखाताईंनी जिवंत केले शंभर वर्षांपूर्वीचे देवदूत'. पटेलांच्या दुकानात मेथी निवडताना ओळखीपाळखीच्या बायका थांबवून अभिनंदन करायच्या. मंडळाच्या वीणाताईंनी फोन करून गणेशोत्सवातल्या भाषणासाठी तिला आत्ताच बुक करून टाकलं. "नाही म्हणायचं नाही हं. आपल्यातली एक बाई अमेरिकन चर्चमध्ये जाऊन एवढं करते, मुलांना कळायला नको का?" सुलेखा बरं म्हणाली. त्या दिवसांत ती प्रत्येकाला बरंच म्हणत होती. आन्या तिच्याशी कामापुरतं बोलायची, आणि तेही इंग्रजीत. फ्रिजवरचा तो जुना फोटो कोणीतरी काढून टाकला होता. सुलेखाने तो शोधला नाही.

जानेवारीच्या शेवटी रूथबाईंचा फोन आला. ईडिथ गेली होती. शांतपणे गेली, त्या म्हणाल्या. शेवटचे काही आठवडे तिच्या तोंडी एकच नाव होतं. "एक विनंती आहे. प्रार्थनासभेला आम्ही एक कार्ड छापणार आहोत. त्यावर ईडिथच्या शेजारी क्लाराचा चेहरा हवाय. तुमच्याकडे चांगला फोटो असेल ना?"

"आहे," सुलेखा म्हणाली. "पाठवते."

फोन ठेवून ती कॉम्प्युटरपाशी बसली. फोटो उघडला. मेलला जोडला. रूथबाईंचा पत्ता टाकला. आन्या शाळेतून आली होती, दाराशी उभी राहून बघत होती. ती बूट काढायला खाली वाकली. सुलेखाला त्या मुलीच्या मानेकडे बघताना एकदम वाटलं, की आपण या पोरीचा चेहरा दुसऱ्याच्या मेलेल्या मुलीच्या जागी ठेवलाय आणि आता तो मयताच्या कार्डावर छापायला पाठवतोय. तिने मेल पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ग्लेनच्या ऑफिसात गेली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. ग्लेनने शेवटी एवढंच विचारलं, "चाचणी घेतली नव्हतीस?"

"नाही."

"आणि मी खालून विचारलं होतं, सगळं ठीक आहे का."

"हो."

ग्लेनने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चेहरा गेला असं तू त्या दिवशी सांगितलं असतंस ना, तर मी तुझ्याबरोबर उभा राहून चर्चवाल्यांना सांगितलं असतं. असं होतं. माझ्याही हातून झालंय." तो थांबला. "पण मी त्या बाईंसमोर रडलो, सुलेखा. तू शेजारी उभी होतीस."

ग्लेन रूथबाईंना सांगायला निघाला होता, पण सुलेखा म्हणाली, मी जाते. रूथबाईंचं घर नदीच्या पलीकडे होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्यांनी तिला बसवलं, कॉफी दिली. सुलेखाने कॉफीला हात न लावता सांगितलं. सांगताना तिने खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. ती रूथबाईंकडेच बघत राहिली.

रूथबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ईडिथ त्या चेहऱ्याशी बोलायची. मी फोटो लावला होता तिच्या पलंगापाशी. मी स्वतः तो पेपरातून कापला होता."

"मला माफ करा," सुलेखा म्हणाली. त्या शब्दांचा तिला स्वतःलाच वीट आला.

"ईडिथला आता कोण सांगणार?"

रूथबाईंनी तिच्यापुढचा गार झालेला कप उचलून सिंकमध्ये ओतला आणि मग विचारलं, "तुम्ही तो पाहिलात? खरा?"

"पाहिला. कापूस बदलायला लागतो तेवढा वेळ."

"म्हणजे आज जिवंत असलेल्या माणसांत तो फक्त तुम्ही पाहिलाय." त्यांचा आवाज कोरडा होता. "मग सांगा मला. ती कशी होती?"

सुलेखाने फोनपाशी ठेवलेलं पॅड आणि पेन्सिल मागून घेतली. बारीक कापलेले केस तिने काढले. उघडा कान काढला. किंचित उघडलेलं तोंड काढलं. मग पेन्सिल थांबली.

"डोळे?" रूथबाई म्हणाल्या.

"डोळे मला नीट आठवत नाहीत. काढले तर ते मी बनवलेले असतील."

रूथबाईंनी कागद जवळ ओढला. कापलेल्या केसांवरून बोट फिरवलं. "आजोबांनी स्वतः कापले होते," त्या म्हणाल्या. "आजी सांगायची." त्यांनी तो कागद पॅडवरून फाडून घेतला आणि घडी न घालता टेबलाच्या खणात ठेवला. "आता तुम्ही जा."

त्यांनी तिला क्षमा केली की नाही, हे सुलेखाला कधी कळलं नाही. पुन्हा त्यांचा फोन आला नाही. ईडिथच्या कार्डावर नुसती ईडिथ होती, असं ग्लेनकडून कळलं.

एप्रिलमध्ये चर्चच्या समितीने तो चेहरा काढून टाकायचं ठरवलं. ग्लेन म्हणाला, "तूच काढ." तो परांचीवर तिच्या शेजारी हाताची घडी घालून बसला आणि ती कापसाने तिचंच काम पुसत राहिली, भुवई, हनुवटीवरची खळी, उसने सोनेरी केस. त्या जागी त्यांनी भिंतीच्या मातकट रंगाचा सपाट हात दिला. आता तिथे पंख होते, प्रभावळ होती, एका कानाची कड होती, आणि मध्ये काही नव्हतं. पुढचे दोन रविवार लोक येऊन त्याकडे बघत आणि मग खाली उभ्या असलेल्या तिच्याकडे बघत. कोणी टाकून बोललं नाही. टाकून बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

काम संपल्यावर ग्लेनने तिला सांगितलं, "तुझ्याएवढा चांगला हात माझ्याकडे परत येणार नाही. पण तुला भिंतीपाशी एकटी सोडून मी खाली उतरू शकणार नाही." तिने त्याच्याशी वाद घातला नाही. व्यावसायिक संघटनेला तिने स्वतःच पत्र लिहिलं. त्यांनी दोन वर्षं तिचं सदस्यत्व थांबवलं. प्रिन्सटनच्या एका फ्रेमच्या दुकानात ती लोकांच्या पदव्यांना काचा बसवायला लागली. घरी शैलेंद्र सुरुवातीला चिडचिडला, मग गप्प झाला. आन्या हळूहळू बोलायला लागली. एकदा तिने आपणहून आईला डब्यात पोळी-भाजी भरून दिली. ती इतकी तिखट होती की दुकानात सुलेखाच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कशाने आलं हे कोणाला सांगायची वेळ आली नाही.

मंडळाला यातलं काहीच माहीत नव्हतं. सप्टेंबर जवळ आला तशी वीणाताईंची आठवण करून देणारी ईमेल आली. शैलेंद्र म्हणाला, "कॅन्सल कर. तब्येतीचं काहीतरी सांग." सुलेखा दोन दिवस विचार करत होती. ग्लेनला सांगितलं होतं ते इंग्रजीत. रूथबाईंना सांगितलं तेही इंग्रजीत. परक्या भाषेत 'मिस्टेक' म्हणता येतं, 'जजमेंट' म्हणता येतं. आपल्या भाषेत म्हणायचं तर एकच शब्द होता, खोटं, आणि तो अजून तिच्या ओठांवर आला नव्हता.

हायस्कूलच्या कॅफेटेरियात गणपती बसवला होता. आरती झाली, मोदकांचे द्रोण वाटून झाले, मुलं मागे पळापळी करत होती. सुलेखा साडी नेसून माइकपाशी उभी राहिली. पडद्यावर अकरा देवदूत उमटले तसा सभागृहातून वाहवा असा सूर आला. पहिल्या रांगेत पुरुषोत्तमकाका बसले होते, मंडळाचे सर्वांत जुने सभासद, कौतुकाने मान डोलावत.

तिने बाराव्याचा फोटो लावला. बिनचेहऱ्याचा. "इथे एका माणसाने आपल्या गेलेल्या मुलीचा चेहरा काढला होता," ती म्हणाली. "तो माझ्या हलगर्जीपणामुळे धुतला गेला. ते झाकायला मी तिथे खोटा चेहरा काढला. आणि सहा महिने तो खरा म्हणून लोकांना दाखवला. तुम्ही अंकात माझा फोटो छापला, तेव्हाही मी खोटंच बोलत होते."

खुर्च्या करकरल्या. वीणाताईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून त्या निघून गेल्या. कोणीतरी मागे आपल्या मुलाला दटावलं, "शू." मग पुरुषोत्तमकाका, तिला सावरून घ्यायला म्हणूनच, मोठ्याने म्हणाले, "अहो, पण कोणाला ओळखू आलं नाही म्हणजे चेहरा सुंदरच झाला असणार ना! त्यात काय एवढं!" दोन-चार जण सुटल्यासारखे हसले. कोणी टाळी वाजवली.

ग्लेनपुढे, रूथबाईंपुढे वाटली नव्हती इतकी लाज सुलेखाला त्या टाळीने वाटली. काकांचं प्रेम खरं होतं, आणि गेलं वर्षभर ती जे मनात धरून होती तेच त्यांनी भर सभेत, तिच्याच भाषेत बोलून दाखवलं होतं.

"नाही, काका," ती म्हणाली. आवाज कापत होता, तो तिने कापू दिला. "तो सुंदर होता, म्हणूनच सगळे फसले."

हसू विरलं. मागच्या दाराशी आन्या उभी होती, हातात मोदकाचा द्रोण, खात नव्हती. वीणाताई घड्याळाकडे बघत उठायच्या बेतात होत्या. पण ज्या माणसाने मूळ चेहरा काढला होता त्याच्याविषयी अजून काहीच सांगून झालं नव्हतं, म्हणून सुलेखाने पाण्याचा घोट घेतला आणि ती लिचफिल्डपासून सुरुवात करून थॉर्नलोची गोष्ट सांगायला लागली.